अख्खी केस नको, एक पायरी मागा

"मी कोकणातल्या एका मेडिकल कॉलेजात नेत्ररोगशास्त्राच्या एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्ष सरलं तरी माझ्या नावावर एकही पूर्ण मोतीबिंदू नाही. ब्लॉक (डोळा बधिर करायचं इंजेक्शन), ड्रेसिंग, ओपीडी आणि फायली, एवढंच. मध्यंतरी सरांनी टनेल (मोतीबिंदू काढायची डोळ्याच्या भिंतीतली तिरपी वाट) करायला दिला, तर मी लवकर आत शिरले, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) बाहेर आला आणि सरांनी केस काढून घेतली. तेव्हापासून विचारायची हिंमत होत नाही. मायक्रोस्कोपखाली हातही थरथरतो. आता पाऊस लागला, शिबिरं बंद. मुंबईतल्या मैत्रिणी फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घ्यायची पद्धत) करतात म्हणे. पैसे भरून फेकोचा कोर्स करू का?"

प्रिय डॉक्टर,

तुमचे प्रश्न चार आहेत, पण गाठ एकच आहे. तुम्ही केस मिळायची वाट बघताय. पहिलीवहिली केस कुणी कुणाला अख्खी देत नाही, आणि देऊही नये. टेबलावरच्या आजींना तो डोळा उरलेलं आयुष्य वापरायचाय. म्हणून केस मागूच नका, पायरी मागा. "सर, मला एक केस द्या ना" याला कुठल्याही विभागप्रमुखाकडे सोपं उत्तर नसतं. "सर, पुढच्या यादीत पहिल्या दोन केसमध्ये शेवटचा व्हिस्को वॉश आणि साइड पोर्ट हायड्रेशन मी करू का?" याला नाही म्हणणं फार कठीण असतं. (व्हिस्को म्हणजे डोळ्यातली जागा उघडी ठेवणारा जेल, तो शेवटी धुवून काढायचा. साइड पोर्ट म्हणजे बाजूचा बारीक छेद, तो पाण्याने फुगवून मिटवायचा.)

आयसीओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेत्रचिकित्सा परिषद, हिने एसआयसीएससाठी, म्हणजे टनेलमधून लहान चिऱ्याने करायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, ऑस्कार नावाचा मूल्यमापन तक्ता केला आहे. त्यात ऑपरेशनचे तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्यात नवशिका कसा दिसतो, सक्षम कसा दिसतो हे शब्दांत लिहिलंय. तो छापून ओटीच्या वहीत ठेवा. शिकण्याचा क्रम मात्र ऑपरेशनच्या क्रमाने घेऊ नका, धोक्याच्या क्रमाने घ्या. आधी साइड पोर्ट, शेवटचा वॉश, मग भिंग आत सरकवणं आणि फिरवून बसवणं. मग ब्रायडल सुचर (डोळा धरून ठेवणारा टाका), कंजंक्टायव्हा (डोळ्यावरचं पातळ आवरण) उघडणं, कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणं). मग टनेल. त्यानंतर कॉर्टेक्स वॉश (मोतीबिंदूचा मऊ भाग धुणं), रेक्सिस (भिंगाच्या पिशवीला पुढून गोल तोंड पाडणं) आणि हायड्रो (पाण्याने मोतीबिंदू पिशवीपासून सुटा करणं). न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा, पुढे आणणं आणि बाहेर काढणं सगळ्यात शेवटी. एक पायरी सलग पाच-सहा केसमध्ये सरांचा हात मध्ये न येता जमली की पुढची मागायची. असं केलं तर एक दिवस लक्षात येतं की सगळ्या पायऱ्या आपल्या झाल्यात, फक्त त्या एकाच डोळ्यावर सलग करायच्या राहिल्यात. पहिली पूर्ण केस ती.

आता तुमच्या टनेलकडे. आयरिस बाहेर का आला हे नीट कळलं नाही तर पुढच्या वेळी तेच होईल, म्हणून इथे जरा रेंगाळू.

स्क्लेराची, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागाची, वक्रता साधारण 12 मिमी त्रिज्येची, कॉर्नियाची, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेची, 7.8 मिमीच्या आसपास. म्हणजे लिंबसला, या दोन्हींच्या सीमेला, पोचलात की पृष्ठभाग एकदम जास्त वळतो. क्रेसेंट, म्हणजे टनेल खणायचं ब्लेड, स्क्लेरात ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेने पुढे ढकललं तर ते कॉर्नियाच्या थरात न राहता खाली अँटिरिअर चेंबरमध्ये, म्हणजे कॉर्नियामागच्या पाण्याच्या पोकळीत, घुसतं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. लिंबसजवळ ब्लेडची टाच खाली दाबायची, म्हणजे टोक वर उचललं जातं आणि कॉर्नियाचं वळण धरतं. ही हालचाल अगदी थोडीशीच असते, पण तिच्यावर सगळा टनेल उभा असतो.

दुसरं कारण सुरुवातीच्या खाचेत असतं. लिंबसच्या मागे दीड ते दोन मिमीवर, कॅलिपरने मोजून, 6 ते साडेसहा मिमीची फ्राउन (लिंबसच्या उलट वाकलेली) खाच घ्या. खोली स्क्लेराच्या निम्म्या जाडीची, म्हणजे 0.3 ते 0.4 मिमी. नवशिका दोनपैकी एक चूक करतो. घाबरून अगदी वरवर खाच घेतली की छत पातळ होतं आणि त्याला भोक, म्हणजे बटनहोल, पडतं. हाताला "लागलंच नाही" असं वाटून दुसऱ्यांदा जोर दिला की खोल जाते, आणि मग लवकर आत शिरणं ठरलेलं. क्रेसेंट आत गेल्यावर स्क्लेरामधून त्याची करडी छाया अंधुक दिसली पाहिजे. ब्लेड लख्ख दिसत असेल तर तुम्ही वर आहात. काहीच दिसत नसेल तर खोल आहात, थांबा.

तिसरं कारण डोळा मऊ असण्याचं. ब्लॉकनंतर सुपर पिंकी (डोळ्यावर दाब देणारा रबरी चेंडू) जास्त वेळ ठेवलेली असते, किंवा साइड पोर्टमधून पाणी गळून गेलेलं असतं. मऊ डोळ्यावर ब्लेड कापत नाही, ढकलतं. पेशंट कण्हत असेल, खोकत असेल, स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारी तार) डोळ्यावर दाबत असेल तर नेमकं उलटं होतं. दाब आतून येतो आणि जरा भोक पडलं की आयरिस त्यातून डोकावतो. म्हणून पहिला चिरा घेण्याआधी बोटाने डोळ्याचा ताण बघा आणि स्पेक्युलमकडे एक नजर टाका.

पुढे क्रेसेंट स्वच्छ कॉर्नियात एक ते दीड मिमी न्या. मग दोन्ही बाजूंना झाडल्यासारखं फिरवून कप्पे मोठे करा. आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद हवं, साडेसात-आठ मिमीपर्यंत. न्यूक्लियस अडकतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या चिऱ्यात अडकत नाही, या अरुंद राहिलेल्या आतल्या ओठाला अडकतो. आत शिरण्याआधी साइड पोर्टमधून व्हिस्को भरून चेंबर टणक करा. किराटोमचं, म्हणजे आत शिरायच्या ब्लेडचं, टोक खाली झुकवा, कॉर्नियावर खळगी दिसली की आत सोडा आणि लगेच आयरिसला समांतर करा. चिरा वाढवताना ब्लेड आत जाताना कापायचं, बाहेर ओढताना नाही. बाहेर ओढताना कापलं तर आतला ओठ वेडावाकडा होतो आणि झडप नीट मिटत नाही.

आणि तरीही लवकर आत शिरलात तर? पहिलं काम म्हणजे त्या जागी काम थांबवणं. तिथेच टनेल "पुरा करून टाकू" या मोहाने भोक मोठं होतं. साइड पोर्टमधून थोडं व्हिस्को भरा, खाचेच्या दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून थोड्या वरच्या थरात नवा टनेल सुरू करा. आयरिस बाहेर आला असेल तर तो स्पॅच्युलाने परतपरत आत कोंबू नका. आतला दाब कमी झाल्याशिवाय तो आत राहणार नाही, उलट झिजेल, रंगद्रव्य सांडेल आणि बाहुली आकसेल. साइड पोर्टमधून थोडं व्हिस्को किंवा पाणी बाहेर सोडून द्या, मग आयरिस बाजूने हलकेच आत झाडा. फार उतावीळ असेल तर एक छोटी इरिडेक्टमी (आयरिसला बारीक भोक) करावी लागते, ती सरच करतील. ऑपरेशन संपताना त्या जागी 10-0 नायलॉनचा टाका घाला. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या टाक्यामुळे पेशंटचा डोळा गळत नाही आणि जंतुसंसर्गाची वाट बंद होते.

बटनहोलला उपाय याच्या उलट. तो थर सोडा, खाच थोडी खोल घ्या आणि जिथे भोक नाही त्या बाजूने खालच्या थरात पुढे जा.

सरांनी केस काढून घेतली ते बरोबरच केलं, आणि त्यात तुमच्यावर राग होता असं समजायचं कारण नाही. उघड्या डोळ्यावर चर्चा होत नसते. पण त्यानंतर तुम्ही गप्प राहिलात, ते चुकलं. त्या केसचं रेकॉर्डिंग असेल तर ते घेऊन सरांकडे जा आणि एवढंच विचारा, "सर, ब्लेड नेमकं कुठे खाली गेलं ते दाखवाल का?" रेकॉर्डिंग नसेल तर यापुढे प्रत्येक पायरीचं करायला लागा. ओटीच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा नसला तरी असिस्टंटच्या आयपीसला मोबाइल बसवायचा अॅडॅप्टर मिळतो. व्हिडिओ निम्म्या वेगाने बघा. पेशंटचं नाव किंवा चेहरा त्यात येऊ देऊ नका.

पावसाळ्याची तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही. लोक म्हणतात "गणपती झाल्यावर बघू", लावणीच्या दिवसांत कुणी घर सोडत नाही, नदी-ओढ्यांना पाणी असतं. जून ते सप्टेंबर यादी लहान राहणारच. पण रेसिडेंटला वेट लॅबसाठी एवढे मोकळे महिने पुन्हा मिळत नाहीत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या एका यादृच्छिक चाचणीत, आधी कृत्रिम डोळ्यांवर सखोल सराव केलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या एसआयसीएसमध्ये मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण 8 टक्क्यांच्या आत राहिलं, तसा सराव न केलेल्यांमध्ये ते 26 टक्क्यांच्या वर गेलं. सराव कशावरही असो, तो पेशंटच्या डोळ्याआधी झालेला असला की फरक पडतो.

महागडा सिम्युलेटर नसला तरी बकऱ्याचे डोळे मिळतातच. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: डोळे भोसकायचे नाहीत, मागची नस शक्य तेवढी लांब ठेवायची, गरम पाणी लागू द्यायचं नाही. आणल्यावर सलाइनने ओलसर कापसात फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी कॉर्निया सुजून धुरकट होतो आणि आतलं काही दिसत नाही. डोळा थर्माकोलमध्ये खळगा करून टाचण्यांनी बसवा. नसेच्या बाजूने बारीक सुईने सलाइन सोडून बोटाला टणक लागेपर्यंत भरा. मऊ डोळ्यावर केलेला सराव चुकीची सवय लावतो. एका डोळ्यावर 12, 4 आणि 8 वाजताच्या जागी तीन टनेल बसतात. प्रत्येक टनेल झाल्यावर छत कात्रीने उघडून बघा. जाडी सगळीकडे सारखी आहे का, आतली कड सरळ आहे का, कुठे ब्लेड वर गेलं, कुठे खाली. पेशंटच्या डोळ्यात हे कधीच बघायला मिळत नाही, म्हणून ही पायरी टाळू नका.

रेक्सिससाठी बकऱ्याचा डोळा फसवा आहे. पिशवी फार लवचीक, चिरा बाहेर पळतो आणि माणूस नाउमेद होतो. त्यासाठी टोमॅटोची साल बरी. 26 नंबरची सुई वाकवून सिस्टोटोम (पिशवी उघडायची सुई) स्वतः बनवा, कडेला पकडून पापुद्रा उलटा आणि दर दोन-तीन तासांच्या अंतरावर, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने, पुन्हा जवळून पकडा. एसआयसीएसला 6 मिमीच्या आसपास रेक्सिस हवं. लहान राहिलं तर न्यूक्लियस पुढे आणताना झोन्यूल (पिशवीला धरून ठेवणारे धागे) तुटतात, म्हणून लहान वाटलं की आधी कडेला शिथिल करणारे छेद द्या.

सरावाची ब्लेडं आणि हत्यारं वेगळ्या डब्यात ठेवा, ती ओटीच्या ट्रेमध्ये कधीही परत जाता कामा नयेत. डोळे पिवळ्या पिशवीत, ब्लेडं-सुया पांढऱ्या टणक डब्यात.

सरावाला मायक्रोस्कोप लागेल. स्टोअरमध्ये एक जुना पडलेला असतोच. तो वापरण्याआधी आयपीस काढून उजेडासमोर धरा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर कोळिष्टकासारखी बुरशी चढते आणि चित्र धुकट दिसतं. अशा मायक्रोस्कोपखाली खोलीचा अंदाजच येत नाही. स्वतः पुसू नका, कोटिंग निघतं. सर्व्हिस इंजिनिअरकडून साफ करून घ्या आणि मग कव्हरच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला. हत्यारांचंही तेच. ऑटोक्लेव्हनंतर ओलसर राहिलेल्या सिमकोच्या (कॉर्टेक्स धुवून ओढायच्या हत्याराच्या) नळीत गंज धरतो, आणि आत सुकलेलं व्हिस्को पुढच्या पेशंटच्या डोळ्यात गेलं तर दुसऱ्या दिवशी कॉर्निया पांढराफटक दिसतो. वापरल्या-वापरल्या डिस्टिल्ड वॉटर जोरात सोडून मग हवा सोडायची. नर्सिंगच्या ताई हे करतात, पण त्यांच्या बरोबरीने उभं राहून शिकून घ्या.

हात थरथरण्याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं, खुर्चीत असतं. खुर्ची उंच असली की खांदे वर चढतात, मनगट अधांतरी राहतं आणि बोटं हत्यार आवळतात. मांड्या टेबलाखाली मोकळ्या, दोन्ही पायांना पेडल सहज लागेल एवढी उंची, मनगट पेशंटच्या कपाळावर किंवा रिस्ट रेस्टवर टेकलेलं, करंगळी गालाच्या हाडावर. श्वास रोखून धरू नका, रेसिडेंट हे नकळत करतात. फोकस आधी जास्त मोठं करून जुळवा, मग लहान करा, म्हणजे मध्येच पेडल शोधावं लागत नाही. कुणी प्रोप्रॅनोलॉल घे म्हणून सांगेल. स्वतःच्या मनाने घेऊ नका, दमा असेल तर मुळीच नाही.

शिबिराचा हंगाम आला की यादीच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात जा. इथेच निम्मी लढाई जिंकली जाते. कोकणात पेशंट उशिरा येतो. भातकापणी झाल्यावर, नाहीतर आंब्याच्या धांदलीआधी, आणि तोवर मोतीबिंदू तपकिरी कडक झालेला असतो किंवा पूर्ण पांढरा. हे दोन्ही तुमचे नाहीत. कडक न्यूक्लियस मोठा टनेल मागतो आणि कॉर्नियाला घासतो. फुगलेल्या पांढऱ्यात पहिल्याच टोचणीला रेक्सिस कडेपर्यंत फाटतं. तुमच्यासाठी मधल्या ग्रेडचा मोतीबिंदू, स्वच्छ कॉर्निया, थेंब टाकल्यावर 7 मिमीपर्यंत उघडणारी बाहुली, खोल न गेलेला डोळा, शांत पडून राहणारा पेशंट, आणि दुसऱ्या डोळ्याने दिसणारा. एकच डोळा उरलेला पेशंट कधीही नाही. आणि एक गोष्ट थेंब टाकण्याआधी बघा: बाहुलीच्या कडेवर पांढरी कोंड्यासारखी पूड. ते स्यूडोएक्सफोलिएशन असतं, तिथे बाहुली नीट उघडत नाही आणि झोन्यूल कमकुवत असतात. बाहुली उघडल्यावर कडेवरची पूड नजरेतून सुटते. योग्य वाटलेल्या दोन-तीन पेशंटची नावं लिहून सरांना दाखवा आणि कोणत्या पायरीसाठी ते शेजारी लिहा. पेशंटलाही साध्या भाषेत सांगा की मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ऑपरेशनचा काही भाग शिकणारे डॉक्टर करतील. नाही म्हणाले तर नाव खोडा.

न्यूक्लियस काढण्याच्या पायरीला पोचाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. व्हिस्को वरही आणि खालीही, म्हणजे कॉर्नियाला धक्का लागत नाही. व्हेक्टिस (न्यूक्लियस बाहेर काढायचा चमच्यासारखा फास) खाली सरकवला की लगेच ओढू नका. न्यूक्लियस टनेलच्या तोंडात बसेपर्यंत थांबा, मग पाणी सोडत, मागचा ओठ खाली दाबत बाहेर या. अडकला तर टनेल वाढवा, जोर वाढवू नका.

मागची पिशवी एक ना एक दिवस फाटेल. खुणा ओळखा: चेंबर एकदम खोल होतं, बाहुली झटकन मोठी होते, कॉर्टेक्स सिमकोच्या भोकाकडे यायचं थांबतं. त्या क्षणी हात झटक्याने बाहेर काढायची इच्छा होते, आणि काढला की व्हिट्रिअस (डोळ्याच्या मागच्या भागातला जेलसारखा द्रव) मागोमाग येतं. हत्यार जिथे आहे तिथेच ठेवा, पाणी बंद करा, दुसऱ्या हाताने साइड पोर्टमधून व्हिस्को भरा, मग सिमको बाहेर. आणि तोंडाने सांगा, "सर, रेंट वाटतोय," म्हणजे पिशवी फाटल्यासारखी वाटतेय. लपवलेल्या रेंटमध्ये पुढच्या दोन मिनिटांत खूप नुकसान होतं. व्हिट्रिअस स्पंजने ओढून कापायचं नाही, दृष्टिपटलावर ताण येतो. कटर वापरायचा, आणि ट्रायमसिनोलोन टाकलं की पारदर्शक दोरे पांढरे दिसतात. त्या पेशंटला काय झालं ते स्पष्ट सांगायचं आणि तपासणीला लवकर बोलवायचं.

लॉगबुकमध्ये प्रत्येक पायरी लिहा: पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, स्वतः केली. सोबत पहिल्या दिवसाची आणि सहा आठवड्यांची दृष्टी. सहा आठवड्यांचा रकाना बहुतेकांचा कोरा असतो, कारण पेशंट परत येत नाही. गुहागर-दापोलीच्या आतल्या वाडीतून एसटीने येणाऱ्याला ओपीडीचा वार आणि त्याच्या गाडीची वेळ जुळवून तारीख द्या, आशाताईंना फोन करा. दृष्टी कळल्याशिवाय आपला टनेल किती सिलिंड्रिकल नंबर देतोय तेही कळत नाही. जिल्हा रुग्णालयातला तीन महिन्यांचा डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात होतो. तुमच्या हातात असेल तेवढं, तो हिवाळ्यातल्या शिबिरांच्या दिवसांत पडावा अशी विनंती आत्ताच द्या.

राहिला फेकोचा कोर्स. तुमच्या मैत्रिणींशी तुलना सोडा. फेको अर्ध्यात अडला तर पेशंटला टनेलच वाचवतो, आणि तुमच्याकडच्या कडक मोतीबिंदूंना चांगला एसआयसीएस कुठेही कमी पडत नाही. आधी तो पक्का करा, फेको तिसऱ्या वर्षी कॉलेजात किंवा एमएसनंतरच्या फेलोशिपमध्ये. तरी कोर्स करायचाच असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: माझ्या स्वतःच्या हाताने किती केस आणि त्यातल्या किती सुरुवातीपासून शेवटपर्यंत? टेबलाशी प्रशिक्षक पूर्ण वेळ बसतात का? गुंतागुंत झाली तर पेशंटची पुढची जबाबदारी कुणाची? माझ्या केसचे व्हिडिओ मला मिळतील का? केसचा आकडा सांगून बाकीच्या तिन्हींवर उडवाउडवी करणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका.